वर्धा जिल्ह्यातील उतरती छपरे : लाकडी रिपा, कवेलू आणि देखभालीचा इतिहास

प्रस्तावना

ग्रामीण वास्तूंचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साधारणतः भिंतींकडे, दरवाजांवरील कोरीव कामाकडे किंवा घराच्या अंतर्गत मांडणीकडे जाते. छप्पर बहुधा उपेक्षित राहते. छप्पर हा घराचा सर्वांत अल्पायुषी भाग आहे, हे त्याचे एक कारण होय. ते उतरविले जाते, दुरुस्त केले जाते, पुन्हा चढविले जाते आणि जुन्या छपराचा पुरावा जुन्या छपराबरोबरच नाहीसा होतो. तथापि ज्या प्रदेशात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि त्यानंतर लगेच मृगाचा पाऊस सुरू होतो, त्या प्रदेशात घराचे घरपण छपरावरच अवलंबून असते. वर्धा जिल्हा हा असाच प्रदेश आहे.

उतरत्या छपराचे साधारणतः दोन भाग पडतात. वर दिसणारे आच्छादन हा पहिला भाग. दुसरा भाग म्हणजे ते आच्छादन पेलणारा खालचा लाकडी सांगाडा, अर्थात आढे, वासे आणि वाशांवर आडव्या ठोकलेल्या रिपा. छपरांची वर्गवारी आपण आच्छादनावरून करतो व गवताचे, कवेलूंचे, टिनाचे असे म्हणतो. परंतु छपराचा खर्च, आयुष्य आणि देखभाल यांचा विचार करू लागलो की प्रश्न आच्छादनाकडून खालच्या लाकडाकडे आणि लाकडाकडून समाजव्यवस्थेकडे वळतो. प्रस्तुत निबंधाचा हाच विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) वर्धा जिल्ह्यात नैसर्गिक पाषाणाऐवजी भाजलेल्या मातीचे छप्पर का रूढ झाले, हे पाहणे.
२) छपरासाठी लागणाऱ्या लाकडाच्या उपलब्धतेचा मालगुजारी व जंगल कायद्यांशी असलेला संबंध तपासणे.
३) सेवाग्राम आश्रमातील कुटींच्या संदर्भात ‘टिकाऊपणा’ या कल्पनेचा पुनर्विचार करणे.

स्लेटचा प्रदेश आणि काळ्या पाषाणाचा प्रदेश

जगातील उतरत्या छपरांमध्ये स्लेटच्या छपराला मानाचे स्थान आहे. वेल्समधील खाणींतून निघालेल्या स्लेटने ब्रिटनमधील असंख्य घरे आच्छादली गेली. आपल्या देशात कांगडा, चंबा, कुल्लू या भागांत स्लेटची छपरे परंपरेने आढळतात. उत्तराखंडात अशा दगडी पातळ फरशांना ‘पठाल’ म्हणतात. आपल्याकडील वाचकांना मात्र स्लेट परिचित आहे ती शाळेतील दगडी पाटीच्या रूपाने. आंध्र प्रदेशातील मार्कापूर हे गाव अशा पाट्यांसाठी दीर्घकाळ प्रसिद्ध होते.

स्लेट हा मूळचा चिखलच होय. गाळाचे थर भूगर्भातील दाबाने व उष्णतेने रूपांतरित होतात आणि त्यांना पातळ पापुद्र्यांत चिरले जाण्याचा गुण येतो. या गुणामुळेच कारागीर छिन्नीच्या साहाय्याने स्लेटचे पातळ पत्रे काढू शकतो. असा प्रत्येक पत्रा साधारणतः दोन खिळ्यांनी आडव्या लाकडी रिपेवर ठोकला जातो. वरच्या ओळीतील पत्रा खालच्या ओळीतील सांधे झाकतो आणि छपराच्या कोणत्याही ठिकाणी किमान दोन थर येतील अशी योजना असते. दोन रिपांमधील अंतर पत्र्याच्या लांबीवरून व छपराच्या उतारावरून ठरते. उतार कमी असेल तर पत्रे एकमेकांवर अधिक चढवावे लागतात, म्हणजेच रिपाही अधिक लागतात. उत्तम प्रतीची स्लेट शंभर वर्षांहून अधिक काळ टिकते. परंतु अशा जुन्या छपरांत दगड शाबूत असताना खिळे गंजून आणि रिपा कुजून पत्रे निसटू लागतात, हा सर्वत्र आलेला अनुभव आहे. स्लेटचे आयुष्यही अखेर तिला धरून ठेवणाऱ्या लाकडावर व लोखंडावर अवलंबून असते.

वर्धा जिल्ह्याची भूरचना याहून सर्वस्वी भिन्न आहे. हा जिल्हा जवळजवळ संपूर्णपणे दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांवर वसलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या उद्रेकांतून निर्माण झालेला हा काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट, कठीण असला तरी स्लेटप्रमाणे पापुद्र्यांत चिरत नाही. तो ठोकळ्यांच्या रूपाने फुटतो. पाया, जोते, विहिरीचे बांधकाम यांसाठी तो उत्तम असला तरी छपरावर चढविण्याजोगे पातळ पत्रे त्यातून निघत नाहीत. त्यामुळे येथील माणसाला छपरासाठी दगडाकडे नव्हे तर मातीकडे वळावे लागले. चिखलाला दगडाचे गुण देण्याचे जे कार्य निसर्गाने हिमालयात भूगर्भातील दाब व उष्णतेने केले, ते येथे कुंभाराने आव्यात केले, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. फरक इतकाच, की आव्यातील माती स्लेटइतकी कठीण होत नाही. हा फरक कशाने भरून काढला गेला, हा पुढील विवेचनाचा गाभा आहे.

कवेलूंच्या छपराची रचना

पश्चिम महाराष्ट्रात ज्याला कौल म्हणतात त्याला विदर्भात कवेलू म्हणतात. गावठी कवेलू चाकावर घडविले जाते. कुंभार एका टोकाला किंचित निमुळती अशी पोकळ नळी घडवितो, ती उभी चिरून तिचे दोन भाग करतो आणि आव्यात भाजतो. छपरावर ही कवेलू आळीपाळीने उताणी व पालथी मांडली जातात. उताण्या ओळीतून पाणी वाहते, तर पालथी ओळ दोन उताण्या ओळींमधील फट झाकते.

या रचनेत एकही खिळा नसतो. कवेलू केवळ स्वतःच्या वजनाने आणि घर्षणाने जागेवर राहते. म्हणूनच छपराचा उतार मध्यम ठेवावा लागतो. उतार अधिक झाल्यास कवेलू घसरतात आणि कमी झाल्यास पाणी मागे फिरून आत झिरपते. कवेलूंखालचा सांगाडाही स्लेटच्या सांगाड्याहून निराळा असतो. तेथे ठरावीक अंतरावर बसविलेल्या चिरीव व सरळ रिपांची आवश्यकता नसते. सागाच्या बल्ल्यांचे वासे आणि त्यांवर दाट अंथरलेल्या बांबूच्या कामट्या एवढ्यावर काम भागते. लाकूड वाकडे असले तरी सुतार ते सामावून घेतो.

या ढिल्या रचनेचा एक लाभ असा, की काळ्या जमिनीवर ती अनुरूप ठरते. कापसाची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया हलला की भिंतीही थोड्याफार हलतात. एकमेकांना जखडलेल्या आच्छादनास अशी हालचाल बाधते. सुटी कवेलू मात्र किंचित सरकून तिच्याशी जुळवून घेतात. आणखी एक लाभ उन्हाळ्यात जाणवतो. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि मातीचे आच्छादन पत्र्याइतके तापत नाही.

तथापि सुटेपणाची किंमतही आहे. वारा, मांजरे आणि विशेषतः वानरे यांमुळे कवेलू सरकतात व फुटतात. म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे हे येथील कुटुंबाचे ठरलेले काम असे. कवेलू उतरवून झाडायची, फुटलेली बाजूला काढायची, कुजलेल्या कामट्या बदलायच्या आणि पुन्हा ओळी लावायच्या, हा क्रम विदर्भातील खेड्यात वाढलेल्या कोणाही प्राध्यापकास आठवत असेल. दगडात जो टिकाऊपणा अंगचा असतो, तो येथे दरवर्षीच्या पुनरावृत्तीतून मिळवावा लागे.

लाकूड : मालगुजारी, निस्तार आणि जंगल कायदा

या पुनरावृत्तीसाठी तीन गोष्टी सातत्याने उपलब्ध असणे आवश्यक होते : कुंभाराचे कवेलू, सुताराचे श्रम आणि जंगलातील लाकूड व बांबू. यांपैकी लाकडाचा इतिहास राजकीय आहे.

१८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करून वर्धा जिल्हा अस्तित्वात आला. मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत रूढ करण्यात आली आणि गावातील पडीक जमीन व झाडोरा यांवर मालगुजाराचा मालकी हक्क मान्य झाला. रयतेला स्वतःच्या गरजेपुरते लाकूड, जळण, गवत व चराई मिळण्याच्या रूढ हक्कास ‘निस्तार’ म्हणत. अशा रूढींची नोंद गावाच्या वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात होत असे. दुसरीकडे १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारी जंगलांचे नियमन कडक झाले. पुढे १९२७ च्या कायद्याने हीच चौकट दृढ केली. वर्धा जिल्ह्यातील जंगल मुख्यतः उत्तरेकडील आर्वी, आष्टी, कारंजा व सेलू या डोंगराळ पट्ट्यात आहे. हिंगणघाट, देवळी यांसारख्या कापसाच्या सपाट भागातील शेतकऱ्याच्या दृष्टीने सागाची बल्ली ही गावशिवाराबाहेरून आणण्याची वस्तू होती.

यावरून असे दिसते, की कवेलूंचे छप्पर ही केवळ तांत्रिक बाब नव्हती. वासे बदलण्याची वेळ आली की घरमालकाला मालगुजाराची मर्जी, जंगल खात्याचा परवाना किंवा बाजारातील लाकडाचा भाव यांपैकी कशाला तरी सामोरे जावे लागे. ज्याला हे शक्य नव्हते त्याचे घर गवताचे व तुराट्यांचे राही. गावात कवेलूंचे घर असणे ही पत मानली जाई, ती यामुळेच. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यान्वये १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. वर्धा त्या वेळी मध्य प्रदेशात होते. १९५६ मध्ये ते द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. राज्ये बदलली तरी छपराच्या लाकडाचा प्रश्न सुटला नाही. पुढे वन्यजीव संरक्षणाची गरजही वाढली. सेलू तालुक्याच्या परिसरातील बोर अभयारण्यास २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. हे संरक्षण आवश्यकच आहे. परंतु गावाचे छप्पर आणि गावाचे जंगल यांचे जुने नाते तुटण्याच्या प्रक्रियेतील तो एक टप्पा आहे, याचीही नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.

रेल्वे, मंगलोरी कौले आणि टिन

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि वर्धा हे या मार्गावरील महत्त्वाचे ठिकाण बनले. रेल्वेबरोबर कापसाचा व्यापार वाढला आणि दूरवरची बांधकाम सामग्री येणे सुलभ झाले. याच सुमारास, १८६५ मध्ये, बासेल मिशनने मंगलोर येथे कौलांचा कारखाना सुरू केला होता. फ्रान्समधील जिलार्डोनी बंधूंनी १८४१ मध्ये पेटंट घेतलेल्या, एकमेकांत अडकणाऱ्या कौलांच्या धर्तीवर ही कौले तयार होत.

मंगलोरी कौल साच्यातून निघते. त्याच्या पाठीवरील उंचवटा रिपेवर अडकतो. एक चौरस मीटर छपरास सुमारे १५ कौले पुरतात. गावठी कवेलूंच्या तुलनेत ती कमी फुटतात व कमी सरकतात. परंतु त्यांना सरळ, समान जाडीच्या व ठरलेल्या अंतरावर बसविलेल्या रिपा लागतात. रीप थोडी जरी वाकली तरी कौल नीट बसत नाही. म्हणजेच देखभालीचे श्रम कमी झाले आणि चिरीव लाकडाची अट आली. वाकडी बल्ली सामावून घेणाऱ्या गावच्या सुताराऐवजी आरा गिरणी महत्त्वाची झाली. पन्हळी टिनाने ही प्रक्रिया पुढे नेली. त्याला रिपा कमी लागतात, उतार कमी चालतो आणि वानरांचे भय नसते. उन्हाळ्यात घर तापते, एवढे एकच दुःख. ते दुःख घरातील माणसांच्या, मुख्यतः दुपारी घरात असणाऱ्या स्त्रिया, मुले व वृद्धांच्या वाट्याला आले.

सेगावचा प्रयोग

या पार्श्वभूमीवर ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी सेगाव येथे राहावयास आले. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली होती आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली त्याचे कार्य चालले होते. सेगावच्या जमिनीचा मोठा हिस्सा जमनालाल बजाज यांच्या मालकीचा होता. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.

आदि निवास ही येथील पहिली वास्तू होय. पुढे बापूकुटी म्हणून प्रसिद्ध झालेली कुटी मूळची मीराबेन यांची. या वास्तूंच्या भिंती बांबू व मातीच्या आहेत आणि छपरे लाकूड, बांबू व गावठी कवेलूंची आहेत. खर्चावर कडक मर्यादा असावी, स्थानिक सामग्री वापरावी व स्थानिक कारागिरांकडून काम करून घ्यावे, असा गांधीजींचा आग्रह होता. ९ जानेवारी १९३७ च्या ‘हरिजन’मध्ये आदर्श खेड्याचे वर्णन करताना त्यांनी पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामग्रीतून बांधलेल्या घरांचा पुरस्कार केला.

पाच मैलांच्या या सूत्राचा अर्थ बहुधा काटकसर किंवा स्वावलंबन असा लावला जातो. छपराच्या दृष्टीने त्याचा आणखी एक अर्थ निघतो. ज्या वस्तूची दरवर्षी डागडुजी करावयाची, ती वस्तू आणि ती दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर हवा. दूरची वस्तू एकदाच आणणे शक्य असते, ती वारंवार आणणे गरिबास परवडत नाही. कुमारप्पांनी १९४० च्या दशकात ‘स्थायी अर्थव्यवस्था’ ही संकल्पना मांडली. तिच्यातील स्थायित्वही वस्तूच्या कठीणपणावर नव्हे, तर निसर्गचक्राप्रमाणे पुन्हा पुन्हा भरून निघण्यावर आधारलेले आहे. कवेलूंचे छप्पर हे या विचाराचे दृश्य उदाहरण म्हणता येईल.

२५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधीजी सेवाग्रामहून निघाले, ते परत आले नाहीत. त्यानंतरही बापूकुटी उभी राहिली, कारण तिची देखभाल होत राहिली. मातीची भिंत आणि कवेलूंचे छप्पर दुर्लक्षिल्यास काही पावसाळ्यांत कोसळते. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच यांनी सेवाग्राम येथे भाषण करताना या कुटीलाच आपल्या चिंतनाचा विषय केले होते. आज तेथे येणारा अभ्यागत गांधीजींच्या काळातील घर पाहतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्याच्या समोर असते ते अनेक पिढ्यांनी सांभाळलेले घर.

लाकडाशिवाय छप्पर

या इतिहासाचा एक पुढचा टप्पाही वर्ध्यातच घडला. १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राची स्थापना केली. लाकडाची टंचाई हा ग्रामीण घरबांधणीतील मुख्य अडसर आहे हे ओळखून केंद्राने कुंभाराने घडविलेल्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंच्या कमानी रचून छप्पर उभारण्याचे तंत्र प्रसारित केले. एका कवेलूचे निमुळते टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसते व त्यातून कमान तयार होते. अशा छपराला आढे, वासे, रिपा यांची गरज उरत नाही. कुंभाराचे काम शिल्लक ठेवून जंगलावरील भार काढून टाकण्याचा हा विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता. तथापि त्याचा प्रसार सिमेंटच्या स्लॅबच्या तुलनेत मर्यादितच राहिला.

गणनेतील छप्पर

शासनाच्या नोंदींकडे पाहिले असता एक विसंगती लक्षात येते. २०११ च्या जनगणनेतील छपराच्या सामग्रीच्या वर्गीकरणात हाताने घडविलेली कौले आणि यंत्राने घडविलेली कौले असे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. दगड व स्लेट यांचाही वर्ग आहे. स्लेट निघत नसलेल्या वर्धा जिल्ह्यातही प्रगणकाच्या तक्त्यात स्लेटला स्थान होते. मात्र हाताने घडविलेले छप्पर दरवर्षी फेरले जाते की नाही, हे नोंदविण्यास त्यात जागा नव्हती. गणनेला सामग्री दिसते, देखभाल दिसत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागातही घराचा विचार कच्चे की पक्के या भाषेतच झाला आणि पक्के म्हणजे स्लॅब हे समीकरण खेड्यापाड्यांत रुजले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कवेलूंच्या छपराचे गुणगान करताना त्याची देखभाल कोणाच्या श्रमावर चालत होती, हे विसरता येणार नाही. कुंभार व सुतार हे बलुतेदारीत बांधलेले होते. त्यांच्या कामाचा मोबदला रूढीने ठरत असे. छपरावर चढून पडणे, हातपाय मोडणे हे प्रसंग नित्याचे होते. गावकुसाबाहेरच्या वस्तीला चांगले लाकूड क्वचितच मिळे. ज्या कुटुंबाने पिढ्यान् पिढ्या गळके छप्पर सोसले, त्याला स्लॅब हवासा वाटतो तो केवळ अनुकरणामुळे नव्हे. दरवर्षीच्या परावलंबनातून मुक्त होण्याची ती इच्छा असते. वारशाचे जतन करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने या इच्छेचा आदर राखला पाहिजे.

निष्कर्ष

१) वर्धा जिल्ह्यात कवेलूंचे छप्पर रूढ होण्यामागे भूरचना हे मूळ कारण आहे. येथील काळा पाषाण छपरासाठी चिरता येत नसल्याने भाजलेल्या मातीस पर्याय नव्हता.
२) छपराचा इतिहास आच्छादनाइतकाच खालच्या लाकडाचा इतिहास आहे. मालगुजारी, निस्तार व जंगल कायदे यांनी कोणाच्या घरावर कोणते छप्पर असावे हे मोठ्या प्रमाणात ठरविले.
३) टिकाऊपणा हा केवळ सामग्रीचा गुण नाही. स्लेटमध्ये तो दगडात असतो, तरी तेथेही रीप व खिळा त्याला मर्यादा घालतात. कवेलूंमध्ये तो कुटुंब, कारागीर व जंगल यांच्या सातत्यपूर्ण संबंधात असतो. हा संबंध तुटला की कवेलू ‘कच्चे’ ठरते.
४) म्हणून सेवाग्रामसारख्या वास्तूंच्या जतनाचा विचार केवळ जुनी कवेलू व जुने वासे टिकविण्यापुरता असू नये. कवेलू घडविणारा कुंभार, फेरणारा कारागीर आणि बल्ल्या व बांबूचा नियमित पुरवठा यांची तरतूदही जतनाच्या खर्चात धरली पाहिजे. त्यांच्या कामाला रूढीचा नव्हे तर रास्त मोबदला मिळाला पाहिजे.

या संदर्भात आपल्या महाविद्यालयांना एक काम सहज करता येण्याजोगे आहे. आढे, वासे, वळचण, पागोळी, कामटी, फेरणी हे शब्द वापरणारी आणि त्यांमागील कौशल्य जाणणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. इतिहास, मराठी व भूगोल या विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने गावोगावच्या उरलेल्या कवेलूंच्या घरांची मोजमापे, छायाचित्रे आणि कारागिरांच्या मुलाखती संकलित केल्यास या विषयाच्या पुढील अभ्यासास भक्कम आधार मिळेल. हे काम येत्या काही उन्हाळ्यांतच व्हावयास हवे, कारण त्यानंतर विचारावे कोणाला, हा प्रश्न उरेल.